बफिंग आणि पॉलिशिंग : धातूला चकाकी कशी येते?

धातूचा खडबडीत पृष्ठभाग घासून सपाट करणे म्हणजे पॉलिशिंग, आणि नंतर तो मऊ चाकावर घोटून चमकवणे म्हणजे बफिंग. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग आणि स्टेनलेस स्टीलच्या टाक्या-पाइप यांच्यासाठी हे काम लागते. त्यातले बरेचसे लहान शेडमध्ये जॉब वर्क म्हणून होते.

बाहेरून पाहणाऱ्याला बफचे फिरते चाक दिसते आणि चकाकी तिथेच येते असे वाटते. प्रत्यक्षात कामाचा दर्जा बराचसा त्याआधीच ठरलेला असतो. सुरुवात ८० किंवा १२० नंबरच्या एमरी पट्ट्याने होते, मग १८०, २४०, ३२०, ४०० असे बारीक होत जायचे. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण काढायचे असतात. म्हणून दर टप्प्याला घासण्याची दिशा आडवी बदलतात. जुना ओरखडा राहिला असेल तर तो लगेच उठून दिसतो. वेळ वाचवायला १२० वरून थेट ४०० वर उडी मारली, तर खोल ओरखडे तसेच राहतात. बफ त्यांच्या कडा गोल करतो, तळ काढत नाही.

हे ओरखडे प्लेटिंगखाली झाकले जातील, हा आणखी एक गैरसमज. शोभेच्या क्रोम प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो काहीच भरून काढत नाही, उलट प्रत्येक रेघ उजळून दाखवतो. माल परत येतो तेव्हा दोष प्लेटिंगवाल्याला दिला जातो. चूक मात्र पट्ट्यावर झालेली असू शकते.

बफिंगमध्ये आधी घायपाताच्या तंतूंचे कडक चाक, मग सुती कापडाचे मऊ चाक वापरतात. चाकाला कंपाउंडची वडी लावतात : पितळ-ॲल्युमिनियमला तपकिरी ट्रिपोली, स्टेनलेसला शेवटी हिरवी क्रोमियम ऑक्साइडची. २५० मिमी व्यासाचे चाक मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३७ मीटर होतो. झिजून ते २०० मिमी झाले की वेग २९ वर येतो आणि कारागीर नकळत जास्त दाबू लागतो. त्या उष्णतेने स्टेनलेस पिवळे-निळे पडते.

औषधनिर्मितीच्या टाक्यांत चकाकीपेक्षा खडबडीतपणाचे माप महत्त्वाचे, कारण ओरखड्यांत जंतू टिकतात. तिथे आतला पृष्ठभाग बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. साध्या स्टीलवर वापरलेले चाक स्टेनलेसवर चालवू नये. चिकटलेले लोहकण पुढे गंजतात.

सर्वांत कमी बोलले जाते ते धुळीबद्दल. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे वाहनांची ॲल्युमिनियम चाके पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट झाला आणि १४६ जण मृत्युमुखी पडले. धूळ-संकलकात साठलेली भुकटी ओलाव्याने तापून पेटली होती. चाकण पट्ट्यातही ॲल्युमिनियमचे भाग लागतात, म्हणून हा धडा जवळचा आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम १४ धूळ ओढून घेण्याबद्दल आणि कलम ३७ स्फोटक धुळीबद्दल होते. व्यवहारात याचा अर्थ : ॲल्युमिनियम आणि स्टीलची धूळ एकाच नळीत जाऊ द्यायची नाही, कारण स्टीलची एक ठिणगी पुरते, साठलेली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, आणि ॲल्युमिनियमची भुकटी पेटलीच तर पाणी न मारता कोरडी वाळू हळूच पसरायची.