चीनच्या रणभूमीवरील वैद्यकीय शिक्षक

१९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात डॉक्टर घडवण्याची सोय रॉबर्टसन मेडिकल स्कूलपुरतीच होती. तेथे पदवी नव्हे, तर एल.एम.पी. म्हणजे व्यवसायाचा परवाना देणारी पदविका मिळे. ज्या मुलखाला स्वतःलाच डॉक्टरांची चणचण होती, तेथून नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर परक्या देशाच्या सेवेस गेले, ही घटना विदर्भाच्या इतिहासात आज आहे त्याहून ठळकपणे नोंदली जायला हवी.

जपानने १९३७ साली चीनवर चढाई केल्यानंतर चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी जमवून पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. मदन अटल हे पथकाचे प्रमुख होते. चोळकरांखेरीज सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे त्यात होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालेले हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान या कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले. चोळकर व मुखर्जी त्याच वर्षी परतले. पुढे अटल व बसूही आले.

कोटणीस मात्र तेथेच राहिले. त्यांचे नाव जखमींवरील शस्त्रक्रियांशी जोडले जाते, परंतु त्यांच्या कामाचा अधिक टिकाऊ भाग अध्यापनाचा होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. १९३९ साली निधन पावलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने उत्तर चीनच्या डोंगराळ भागात वैद्यकीय शाळा चालत असे, आणि तेथे कोटणीस शल्यशास्त्र, म्हणजे शस्त्रक्रियेची विद्या, शिकवू लागले. तेही चिनी भाषेत, जी त्यांनी चीनमध्ये आल्यावर आत्मसात केली होती. जपानी फौजांच्या मोहिमांमुळे रुग्णालय व शाळा दोन्हींना वारंवार जागा बदलाव्या लागत, तरी १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आल्यानंतरही त्यांचे शिकवणे थांबले नाही. उलट विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहावयास घेतले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते पुस्तक अपुरे होते. त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान याही त्याच शाळेत परिचर्या, म्हणजे नर्सिंग, शिकवीत असत.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने कोटणीस घरोघरी पोहोचले. नागपुरात पदवी देणारे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, उभे राहिले. चीनमधील श-च्या-च्वांग येथे मात्र कोटणीसांच्या नावाने वैद्यकीय प्रशिक्षण देणारी शाळा १९९२ पासून चालू आहे.