फलकावरचा 'सह'

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. माळेगाव नांदेड जिल्ह्यातले. पण गंगाखेडहून पालम, लोहा करीत तिकडे जाणे आम्हा परभणीकरांना परगावी जाणे वाटतच नाही. घोडे, उंट, गाढवे पाहून झाली की पाय आपोआप तमाशाच्या कनातींकडे वळतात. मी पडलो मास्तर. आत शिरण्यापूर्वी फलक वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या, ही माझी खोड. तसे वाचता वाचताच एका लहानशा शब्दापाशी मी अडलो. तो शब्द म्हणजे 'सह'. अमुक 'सह' तमुक लोकनाट्य तमाशा मंडळ! कोण 'सह'च्या अलीकडे आणि कोण पलीकडे, यात नाचणाऱ्या बाईचा सगळा इतिहास दडलेला आहे, असे मला वाटू लागले.

एक काळ असा होता की फडात बाईच नव्हती. नाच्या पोऱ्या लुगडे नेसून उभा राही. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळाबाई ही तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री मानली जाते. तिचा जन्म १८७० चा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव; त्यांची शाहिरी आणि पवळेचा नाच यांनी मुंबई वेडी केली होती. बापूराव-पवळा हे नाव लोक एका दमात घेत. पुढे दोघांची फारकत झाली आणि त्या फडाची रया गेली. पवळा १९३९ साली वारली, बापूराव १९४५ साली. बापूरावांनी तमाशासाठी ब्राह्मण्य सोडले हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पवळेने काय काय सोडले, हे कुणी विचारीत नाही.

नाव फलकावर आले म्हणजे फड तिचा झाला का? इथे विठाबाईंची आठवण येते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. या नावात तिचे स्वतःचे नाव आहे, बापाचे आहे, जात आहे आणि गावही आहे. काहीच झाकलेले नाही. जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. गाव मात्र लागले ते फडाचे. आजोबा नारायण खुडे यांनी उभारलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाने गाजला आणि मग तिच्या नावाने. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, ती आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ऐकणारा तिच्या हिंमतीची वाहवा करतो. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न येतो. फड तिचा होता ना? मग तिला 'आजचा खेळ बंद' असे का म्हणता आले नाही? उत्तर सोपे आहे. फड तिचा होता, म्हणूनच म्हणता आले नाही. तिकिटे विकली गेली होती आणि त्या तिकिटांवर अख्ख्या बिऱ्हाडाची चूल पेटायची होती. २००२ च्या जानेवारीत ती गेली ती हलाखीत. तिच्या नावाचा सरकारी पुरस्कार २००६ पासून दिला जाऊ लागला.

कांताबाई सातारकरांची गोष्ट याच्या उलट. जन्म १९३९ चा, तोही गुजरातेत, वाढल्या साताऱ्यात. तुकाराम खेडकरांच्या फडात त्यांनी नाव कमावले. १९६४ साली खेडकर वारले आणि ज्या फडासाठी पाय झिजवले तो फड आपला नाही, हे त्यांना कळले. पदरात लहान मुले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली. पुढे फलक झळकला तो 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' असा. आधी मुलगा, मग 'सह', मग आई. विठाबाईंच्या मुलीच्या फलकावर मात्र मंगला बनसोडे हे नाव आधी आणि मुलगा नितीनकुमार 'सह'च्या पलीकडे! व्याकरणाच्या पुस्तकात ही गंमत सापडायची नाही.

पण फलकावर नाव असणाऱ्या अशा किती? फडात पन्नास-पाऊणशे माणसे. बाकीच्या बायांचे काय? एका वर्षी माळेगावला दुपारच्या वेळी कनातीमागे गेलो. एक चाळिशी उलटलेली बाई भाकरी थापीत बसली होती. "बाई, गाव कोणतं आपलं?" मी विचारले.

"गाव काय विचारता गुरुजी, फड विचारा," ती म्हणाली, आणि फडाचे नाव सांगितले. सोळा हंगाम तिने तिथेच काढले होते. हंगामाआधी मालक उचल देतो. ती दसऱ्यापासून वैशाखापर्यंत नाचून फेडायची, आणि फिटत आली की पावसाळ्यात नवी घ्यायची. उचलीने बांधलेले माणूस म्हणजे वेठबिगारच, असे मी माझे पुस्तकी मत ऐकवले. तिला ते पटले नाही. "उचल दुसराही मालक देतो की," ती म्हणाली. "पण ट्रकमध्ये केबिनच्या पाठीशी माझ्या पेटीची जागा ठरलेली आहे. तिथं धक्के लागत नाहीत. नवीन पोरींच्या पेट्या मागं. दुसऱ्या फडात गेले तर माझी पेटी मागं जाईल." मी गप्प बसलो. बदलीची शाळा मिळाल्यावर शिक्षकखोलीत खुर्ची कोणती, याचा घोर मलाही लागलेला होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. नेमके तेच दिवस बुडाले. उचल तर आधीच खाऊन झालेली. २५ मे २०२१ रोजी करोनाने कांताबाईही गेल्या.

यात्रा पुन्हा भरू लागल्यावर मी त्या कनातीमागे गेलो. फलक तोच होता, रंग नवा. बाई दिसली नाही. कर्ज फेडण्यासाठी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आहे, असे ढोलकीवाला म्हणाला. पेटीच्या जागेचे विचारले तेव्हा तो हसला. ती अजून कुणाला दिलेली नाही, म्हणाला. सध्या तिथे पिठाचा डबा ठेवतात.