ड्यूक स्लेटर : मैदानावरून न्यायासनाकडे

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लंबगोल असतो, बहुतेक वेळ तो हातांतच राहतो आणि पायाचा उपयोग केवळ प्रसंगोपात्त होतो. दोन्ही पक्षांचे अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्याच्याकडे चेंडू त्या पक्षानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. चेंडू घेऊन धांवणारा गडी प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरतो आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचेंच नांव छापून येतें. परंतु त्याला धांवावयास वाट मिळते ती त्याच्यापुढें उभी असलेली सात जणांची फळी समोरच्या गड्यांना खांद्यानें आणि छातीनें रेटून बाजूस सारते म्हणून. या फळींतील गड्याच्या हातीं चेंडू क्वचितच लागतो. त्याच्या नांवावर गुण मांडले जात नाहींत. त्याचें काम उत्तम झालें तर कौतुक होतें तें दुसऱ्याचें.

अशाच एका फळींतल्या गड्याचें चरित्र आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचें आहे. त्याचें नांव फ्रेडरिक वेमन स्लेटर. घरच्या कुत्र्याच्या नांवावरून लहानपणीं पडलेलें ‘ड्यूक’ हें टोपणनांव त्याला जन्मभर चिकटलें.

स्लेटरचा जन्म इलिनॉय संस्थानांतील नॉर्मल या गांवीं ९ डिसेंबर १८९८ रोजीं झाला. वडील कृष्णवर्णीयांच्या मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांची बदली झाल्यामुळें हें कुटुंब मिसिसिपी नदीच्या कांठीं आयोवांतील क्लिंटन या शहरीं आलें. तेथील शाळेंत मुलगा फुटबॉल खेळूं लागला, पण हा दांडगाईचा खेळ वडिलांना पसंत नव्हता. त्यांनीं मनाई केली तेव्हां मुलानें अन्न वर्ज्य केलें आणि अखेर बापाला हार खावी लागली, असें सांगतात. मग प्रश्न आला साहित्याचा. शाळेंत प्रत्येकानें आपले बूट आणि चामडी शिरस्त्राण स्वतः विकत घ्यावयाचें असे. धर्मोपदेशकाच्या तुटपुंज्या मिळकतींत दोहोंपैकीं एकच वस्तु बसत होती. ड्यूकनें बूट घेतले आणि उघड्या डोक्यानें तो मैदानांत उतरला.

ही गोष्ट सहसा गरिबीची कहाणी म्हणून सांगितली जाते. मला मात्र तींत त्या मुलाची खेळाची समज दिसते. फळींतल्या गड्याचा सारा जोर पायांतून येतो. जमिनींत पाय रोवतां आला नाहीं तर खांद्यांतील बळ फुकट जातें. डोकें तो स्वतः सांभाळणार होता, पाय मात्र बुटांवांचून रोवले जाणार नव्हते.

१९१८ सालीं तो आयोवा विद्यापीठांत दाखल झाला आणि फळींत ‘टॅकल’ या जागीं उभा राहूं लागला. उंची सहा फुटांहून थोडी अधिक, वजन दोनशें पौंडांच्या वर. आजच्या मानानें हा देह मोठा नव्हे, पण त्या काळीं तो डोंगरासारखा भासे. विद्यापीठांतहि बऱ्याच वेळां तो बोडक्या डोक्यानेंच खेळे. ८ ऑक्टोबर १९२१ रोजीं आयोवा सिटी येथें नोत्र दाम विद्यापीठाशीं सामना झाला. न्यूट रॉक्नी या विख्यात शिक्षकानें तयार केलेला हा संघ सलग वीस सामने जिंकून आला होता. आयोवानें त्याला १० विरुद्ध ७ गुणांनीं हरविलें. त्या वर्षांतला नोत्र दामचा तो एकमेव पराभव. गॉर्डन लॉक हा गडी स्लेटरनें फोडलेल्या खिंडारांतून शिरून गुण मिळवून गेला. त्या सामन्याचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शिरस्त्राण घातलेले प्रतिपक्षाचे तीन गडी एकट्या, उघड्या डोक्याच्या स्लेटरनें अडवून धरले आहेत. त्या वर्षीं आयोवाचा संघ अजिंक्य राहिला.

१९२२ सालीं स्लेटर धंदेवाईक खेळाडू झाला. नॅशनल फुटबॉल लीग ही संस्था तेव्हां अवघी दोन वर्षांची होती. तिच्यांत आजच्यासारखा पैसा नव्हता, आणि तिचे बरेचसे संघ लहानसहान गांवांचे होते. त्यांपैकीं रॉक आयलंडचा संघ, म्हणजे त्याच मिसिसिपीच्या कांठीं क्लिंटनच्या थोडें खालच्या अंगाला असलेल्या गांवाचा, त्यानें पत्करला. लीगमध्यें फळींत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. त्या काळीं चढाई आणि बचाव दोन्हीं त्याच अकरा गड्यांनीं करावयाचीं असत, त्यामुळें बहुतेक सामन्यांत स्लेटर पुरीं साठ मिनिटें मैदानांत उभा असे. दहा हंगामांत दुखापतीमुळें त्याचा एकहि सामना बुडाला नाहीं. एक बुडाला तो निराळ्या कारणानें. १९२४ सालीं कॅन्सस सिटी येथें सामना होता, आणि तेथें कृष्णवर्णीय गड्यानें गोऱ्यांबरोबर खेळूं नये असा दंडक होता. स्लेटरला बाहेर बसावें लागलें आणि रॉक आयलंडचा संघ तो सामना हरला. शरीरानें त्याला कधीं दगा दिला नाहीं; तो एक दिवस त्याच्या वर्णानें हिरावून घेतला.

१९२६ सालापासून तो शिकागो कार्डिनल्स या संघांत होता. १९२७ सालीं तर सबंध लीगमध्यें कृष्णवर्णीय असा तो एकटाच उरला होता. २८ नोव्हेंबर १९२९ रोजीं कार्डिनल्सनीं शिकागो बेअर्स या संघाचा ४० विरुद्ध ६ असा फडशा पाडला. ते चाळीसहि गुण एर्नी नेव्हर्स या एकट्याच्या नांवावर आहेत, आणि हा उच्चांक अद्यापि कोणी मोडलेला नाहीं. नेव्हर्सची कीर्ति योग्यच आहे. पण त्याच्यापुढें फळींत साठहि मिनिटें उभा राहून स्लेटर वाट काढीत होता हें गुणफलकावर कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

याच वर्षांत हा माणूस आणखी एक उद्योग करीत होता. फुटबॉलचा हंगाम संपला कीं तो आयोवा विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करी. १९२८ सालीं त्यानें कायद्याची पदवी मिळविली. १९३१ च्या हंगामानंतर खेळ सोडून त्यानें शिकागोंत वकिली चालविली.

त्याच्या मागून ज्यांनीं यावयाचें त्यांच्यासाठीं मात्र दार बंद झालें. १९३३ च्या हंगामांत लीगमध्यें दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि पुढें १९३४ पासून १९४५ पर्यंतच्या बारा हंगामांत एकहि नाहीं. लेखी नियम कोणताच नव्हता. मालकांनीं आपसांत समजून घेतलेली ती गोष्ट होती, आणि समजुतीनें चाललेला अन्याय लेखी अन्यायापेक्षां चिवट असतो, कारण रद्द करावयाला कागदच सांपडत नाहीं. त्या वर्षांत स्लेटरनें शिकागोंत कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांना शिक्षण दिलें. त्यांतल्या गुणी खेळाडूंनाहि लीगचें दार उघडें नव्हतें. १९४६ सालीं रॅम्स संघ लॉस एंजेल्सला आला तेव्हां त्याला जें क्रीडांगण हवें होतें तें सार्वजनिक मालकीचें होतें. ‘जनतेचें मैदान वापरावयाचें तर भेदभाव चालणार नाहीं’ असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनीं धरला, आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना संघांत घ्यावें लागलें. वॉशिंग्टन शहराचा संघ तर १९६२ पर्यंत अडूनच बसला होता.

यानंतर दोन वर्षांनीं, १९४८ सालीं, स्लेटर शिकागोच्या नगर न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून मतदारांकडून निवडला गेला. अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं न्यायाधीशहि निवडणुकीनें नेमतात. त्या शहरांत हा मान मिळविणारा तो दुसराच कृष्णवर्णीय. पहिले आल्बर्ट जॉर्ज १९२४ सालीं निवडून आले होते. १९६० सालीं तो वरिष्ठ न्यायालयांत बसला. ज्याला कॅन्सस सिटीच्या मैदानांत उतरूं दिलें नव्हतें, त्याच्यापुढें आतां गोरे वकील उभे राहून आपलें म्हणणें मांडूं लागले. १४ ऑगस्ट १९६६ रोजीं कर्करोगानें त्याचें निधन झालें.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरानें १९५१ सालीं पहिली यादी केली, तींत कृष्णवर्णीय असा स्लेटर एकटाच होता. धंदेवाईक खेळाचें कीर्तिमंदिर १९६३ सालीं ओहायोंतील कॅंटन येथें उघडलें. त्याला मात्र स्लेटरची आठवण होण्यास २०२० साल उजाडावें लागलें. आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला २०२१ पासून त्याचें नांव आहे. तेथें भिंतींत बसविलेल्या शिल्पांत १९२१ च्या सामन्यांतला तोच क्षण कोरला आहे : तीन गडी, आणि त्यांना अडवून उभा असलेला, डोक्यावर कांहीं नसलेला एक.