गिटारवरील ‘डॉमिनंट सेव्हन्थ’ कॉर्डचे अध्यापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची ‘सेव्हन्थ’ कॉर्डशी ओळख फार लवकर होते. ‘ई’ मेजर कॉर्डसाठी तीन तारा दाबाव्या लागतात; त्यांपैकी चौथ्या तारेवरील बोट उचलले की ‘ई सेव्हन्थ’ वाजते. संगीतशास्त्राच्या ग्रंथांत मात्र हीच कॉर्ड तीन स्वरांच्या संघातात चौथा स्वर मिळवून सिद्ध होते. ग्रंथात जी बेरीज आहे ती येथे हाताला वजाबाकी ठरते. ग्रंथातील ज्ञान आणि हातातील ज्ञान यांच्यातील या अंतराला चार शतकांचा इतिहास आहे. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
डॉमिनंट म्हणजे पंचम. पंचमावर उभारलेल्या या कॉर्डचे स्वर सरगमच्या भाषेत प, नि, रे, म असे सांगता येतील. पंचमापासून मोजता मध्यम हा सातवा स्वर येतो, म्हणून ‘सेव्हन्थ’. शुद्ध निषाद व शुद्ध मध्यम यांच्यात सहा अर्धस्वरांचे विसंवादी अंतर आहे. निषादाला षड्जाकडे आणि मध्यमाला गंधाराकडे जाण्याची ओढ असते. त्यामुळे ही कॉर्ड ऐकताच पाश्चात्त्य श्रोत्याला षड्जाच्या कॉर्डची अपेक्षा निर्माण होते.

अक्षरांची गिटार :
स्पेनमधील वैद्य जोआन कार्लेस आमात याने १५९६ च्या सुमारास पाच जोडतारांच्या गिटारसाठी बारा मेजर व बारा मायनर कॉर्ड आकड्यांनी दाखविल्या. १६०६ मध्ये गिरोलामो मोंतेसार्दो याने फ्लॉरेन्स येथे प्रत्येक कॉर्डला एकेक अक्षर देणारी पद्धत छापून प्रसिद्ध केली. ‘आल्फाबेतो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत स्वरलिपी न वाचताही गाण्याला साथ करता येई. तिच्या मूळ तक्त्यात डॉमिनंट सेव्हन्थला मात्र स्वतंत्र अक्षर नव्हते.

याचे कारण बोटांच्या अडचणीत शोधता येत नाही. त्या गिटारच्या पाच जोडतारांतील स्वरांतरे आजच्या गिटारच्या पहिल्या पाच तारांप्रमाणेच होती. ‘ए’ मेजर वाजविताना तिसऱ्या तारेवरील बोट उचलले की ‘ए सेव्हन्थ’ तेव्हाही हाती येत होती. अडथळा संगीतविषयक संकेतांचा होता. सातवा स्वर आधीच्या कॉर्डमधून ‘तयार’ करून आणावा, असा नियम होता. तयारीवाचून विसंवादी स्वर योजल्याबद्दल आर्तुसी याने १६०० मध्ये मोंतेव्हेर्दीच्या रचनांवर टीका केली, ती याच दृष्टीतून. १६३० च्या सुमारास फोस्कारिनी याने विसंवादी स्वरांच्या मांडण्या अक्षरपद्धतीत समाविष्ट केल्या.

शास्त्र आणि पाठ्यपुस्तके :
१७२२ मध्ये जाँ-फिलिप रामो याने आपल्या स्वरसंवादविषयक ग्रंथात या कॉर्डला व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आणले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सहा एकेरी तारांची गिटार रूढ झाली आणि पॅरिस हे तिच्या अध्यापनाचे मोठे केंद्र बनले. कारुल्ली, सोर (१८३०) व कारकास्सी (१८३६) यांची पाठ्यपुस्तके तेथील. कारकास्सीच्या पुस्तकात प्रत्येक स्वरपट्टीसाठी प्रथम स्वरमालिका, मग समापनाच्या कॉर्ड आणि त्यानंतर सराव येतो. येथे डॉमिनंट सेव्हन्थ ही वाक्याच्या शेवटी येऊन षड्जावर विसावणारी कॉर्ड म्हणून शिकविली जाई. सोरने तर वादकाला स्वरसंवादाचे ज्ञान हवेच, असा आग्रह धरला.

ब्लूज आणि नियमाचा भंग :
अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने मिळणाऱ्या स्वस्त गिटारींमुळे हे वाद्य दक्षिणेतील कृष्णवर्णीय श्रमिकांपर्यंत पोहोचले. तेथील अध्यापन प्रामुख्याने ऐकून व पाहून चाले. १९१२ मध्ये डब्ल्यू. सी. हँडी यांची ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना छापली गेली. रॉबर्ट जॉन्सन यांची ध्वनिमुद्रणे १९३६ व १९३७ मधील आहेत. या परंपरेत स्थिरावलेल्या बारा मात्राखंडांच्या चौकटीत षड्ज, मध्यम व पंचम या तिन्हींवरील कॉर्ड ‘सेव्हन्थ’ असू शकतात. ‘ई’ स्वरपट्टीत त्या ‘ई’, ‘ए’ आणि ‘बी’ सेव्हन्थ होत. ‘ई’ व ‘ए’ यांसाठी एक बोट उचलणे पुरेसे ठरते. शिवाय त्यांचे मंद्र स्वर मोकळ्या तारांवर मिळतात. अशा रीतीने शास्त्राने ‘ओढीची’ ठरविलेली कॉर्ड येथे विसाव्याची कॉर्ड झाली. षड्जावरील कोमल निषाद आता कोठेही जाण्यास बांधलेला नव्हता.

त्याच सुमारास छापील प्रसारालाही वेग आला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील गाण्यांच्या छापील प्रतींवर युकुलेलेसाठी बोटांच्या आकृत्या येऊ लागल्या. पुढे गिटारच्या आकृत्याही रूढ झाल्या. १९४७ मध्ये मेल बे यांनी कॉर्डविषयक पुस्तकापासून आपल्या प्रकाशनास प्रारंभ केला. मोंतेसार्दोच्या अक्षरांमागील कल्पना एका अर्थाने आकृतीच्या रूपाने परत आली.

निष्कर्ष :
१. डॉमिनंट सेव्हन्थ हाताला सोपी असूनही आरंभीच्या अक्षरपद्धतीत तिला स्थान मिळाले नाही. हाताच्या सोयीइतकेच तत्कालीन श्रवणसंस्कारही अभ्यासक्रम ठरवीत असतात.
२. पाठ्यपुस्तकांनी या कॉर्डला निश्चित कार्य दिले. मौखिक परंपरेने ते कार्य बदलले आणि शास्त्राला या बदलाची दखल नंतर घ्यावी लागली.
३. बोटांच्या आकृतीवरून शिकणे हे दुय्यम दर्जाचे शिक्षण होय, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मात्र मध्यमाची गंधाराकडील ओढ कानाला कळल्याखेरीज ब्लूजने कोणता नियम ओलांडला हेही उमगत नाही. म्हणून आकृती आणि श्रवण यांची सांगड घालणे हेच अध्यापनाच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.