धुराच्या वाटेवरचा दाब : एका छोट्या मोजमापाची मोठी गोष्ट

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

ट्रकमालकांच्या कुठल्याही गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बीएस-६ गाडी घेतली आणि डोक्याला ताप लावून घेतला." डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी चढाला रांगते. मग कुणीतरी सांगतं, "फिल्टर पोकळ करून टाक, सगळं गपगार होईल." मालकाचा ताप जातो, पण तो धूर तुमच्या-माझ्या छातीत येतो. या भांडणाच्या मुळाशी एक साधं मोजमाप आहे. गॅरेजच्या भाषेत त्याला 'बॅक प्रेशर' म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला वाटेत जो अडथळा होतो, त्यामुळे मागे साचणारा दाब. या मोजमापाचा इतिहास पाहिला की आजचं भांडण नीट कळतं, असं माझं मत आहे.

सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये होते. आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरने १९०५ साली एका कल्पनेचं पेटंट घेतलं. डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. ब्युखी म्हणाला, हा धूर एका चक्रावर सोडा, ते चक्र फिरेल, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवा आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबा. हाच आपला टर्बो. कल्पना चालायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना टर्बो बसला आणि ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. ट्रकपर्यंत यायला आणखी वेळ लागला. १९३८ साली स्वित्झर्लंडच्याच साउरर कंपनीने ट्रकच्या इंजिनाला टर्बो लावला. १९५४ मध्ये व्होल्वोच्या टायटन ट्रकची ताकद टर्बोमुळे १५० वरून १८५ अश्वशक्ती झाली.

आता गंमत बघा. टर्बो आला आणि धुराची वाट मोकळी असणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं. का? टर्बोचं धुराकडचं चक्र फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. पाणचक्कीचंच उदाहरण घ्या. वरून कितीही पाणी येऊ दे, खालच्या अंगाला पाणी तुंबलं तर चाक मंदावणारच. सायलेन्सर चोंदला, पाइप चेपला की टर्बोच्या मागे दाब वाढतो. चक्र मंद फिरतं, हवा कमी पडते, डिझेल मात्र तेवढंच जातं. मग काळा धूर, धुराचं तापमान वाढतं, ॲव्हरेज घसरतं. शिवाय धूर बाहेर ढकलायला पिस्टनलाच जादा जोर लावावा लागतो, तो भुर्दंड वेगळाच.

हवा आत घेण्याच्या बाजूलाही हेच. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सची टर्बो डिझेल गाडी ताशी सुमारे २२२ किलोमीटरच्या वेगाने पात्रता फेरीत पहिली आली. फ्रेड अगाबाशियन चालवत होता. पण शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाहेर पडली. कारण काय, तर ट्रॅकवरच्या टायरांच्या रबराचा कचरा टर्बोच्या हवेच्या तोंडाशी अडकला. इंजिन धडधाकट असूनही श्वास कोंडला की खेळ खलास, हा धडा भर मैदानात मिळाला.

मग हे बॅक प्रेशर मोजायचं कसं? पद्धत इतकी साधी की गवंड्यालाही कळावी. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो ना, तसलीच यू आकाराची नळी. एक टोक टर्बोच्या पुढच्या पाइपला, सायलेन्सरच्या अलीकडे, दुसरं टोक हवेला उघडं. धुराच्या दाबाने एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे बॅक प्रेशर. जुन्या ट्रक इंजिनांना बऱ्याचदा सुमारे १० किलोपास्कलची मर्यादा दिलेली असे. म्हणजे पाण्याच्या नळीत जवळपास एक मीटरचा फरक. एवढी उंच नळी कोण सांभाळणार, म्हणून पारा वापरत. त्यात हा फरक सुमारे ७५ मिलिमीटर येतो. पुढे डायलचे गेज आले. पाइपला जोडायची पहिली नळी धातूची, रबर पुढे थंड भागात, आणि भोक वळणावर न पाडता सरळ पाइपवर, एवढी पथ्यं पाळायची.

पण खरी मेख वेगळीच आहे. हे माप उभ्या गाडीवर घेऊन उपयोग नाही. धुराचा प्रवाह निम्मा झाला की दाब निम्मा होत नाही, साधारण पावपट होतो. आयडलवर टर्बो इंजिनाचा प्रवाह पूर्ण लोडच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा असतो. म्हणजे दाब शंभराव्या हिश्शाएवढा. मीटरच्या जागी सेंटीमीटर! चोंदलेला सायलेन्सरही आयडलवर निर्दोष दिसतो. म्हणून गाडी भरून, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, पूर्ण आरपीएमवर माप घ्यायचं, किंवा डायनोवर. रोग चढावर दिसतो, अंगणात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, १९६६ मध्ये एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आली. तरी कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर टर्बो नसलेलीच इंजिनं राबली. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स एकत्र आले, जमशेदपूरला कारखाना झाला, आणि नव्वदच्या दशकात टर्बो ट्रकांत रुळू लागला. पुढे प्रदूषणाच्या नियमांनी त्याला सक्तीचंच केलं म्हणा ना.

नियमांच्या कथेत एक मराठी नाव महत्त्वाचं आहे : डॉ. रघुनाथ माशेलकर. २००१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि इंधन व गाड्या दोन्ही टप्प्याटप्प्याने स्वच्छ करण्याचा आराखडा तयार झाला. इंधन का, तर डिझेलमधलं गंधक धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी करतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये फक्त १०. मधला बीएस-५ टप्पा सरकारने गाळलाच. दरम्यान २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं स्पष्ट वर्गीकरण केलं होतं. त्यामुळे घाई अनाठायी नव्हती.

बीएस-६ बरोबर ट्रकांत आला तो डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर. मधाच्या पोळ्यासारखा, एकाआड एक तोंडं बुजवलेला. धूर भिंतीतून झिरपून जातो, काजळी मागे राहते. म्हणजे शंभर वर्षं जो अडथळा आपण टाळत आलो, तोच आता मुद्दाम बसवला! म्हणून त्याच्यावर पहाराही हवा. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन नळ्या, मध्ये सेन्सर. तो दाबातला फरक मोजत राहतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. यू नळीचंच काम, फक्त चोवीस तास. फरक वाढला की काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळायची वेळ झाली.

इथेच ड्रायव्हरची कोंडी होते. काजळी जळायला इंजिन गरम हवं, लोड हवा. न्हावा-शेवाच्या वाटेवर कंटेनरच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर उभा असलेला ट्रक फिल्टर भरत राहतो, जाळत नाही. दिवा लागला की गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून फिल्टर साफ होऊ द्यायचा असतो. पण उभी कुठे करणार? हायवेवर जागा नाही, मालक फोनवर तगादा लावतोय, आणि त्या दिव्याचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलेलाच नाही. कधी तर फिल्टर ठणठणीत असतो आणि सेन्सरची नळीच तडकलेली किंवा चोंदलेली असते. काही रुपयांच्या नळीपायी हजारोंचा फिल्टर पोकळ केला जातो.

आणि पीयूसी? ती उभ्या गाडीवर, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबून होते. धुराचा दाटपणा मोजतात. मघाचं वाक्य आठवा : रोग चढावर दिसतो, अंगणात नाही. फिल्टर काढलेली नवी गाडीही तिथे सुटू शकते, कारण सगळ्यात घातक कण डोळ्याला दिसत नाहीत. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, पण पकडणार कोण?

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीचा कॉम्प्युटर तो दाब आधीच मोजतोय. पीयूसीच्या वेळी तेवढा आकडा वाचा. फार जास्त असेल तर फिल्टर चोंदलाय, संशयास्पद कमी असेल तर फिल्टर आत आहे का ते बघा. बंदराजवळ आणि महामार्गांवर फिल्टर साफ करायला सुरक्षित थांबे द्या. ड्रायव्हरला मराठीत, हिंदीत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. दंडाची पावती फाडण्याआधी ही तीन कामं करा.

शेवटी एक. घाट उतरताना ड्रायव्हर एक्झॉस्ट ब्रेक लावतो, तेव्हा एक झडप धुराची वाट मुद्दाम अडवते. तोच बॅक प्रेशर बोरघाटात, कसाऱ्यात भरलेली गाडी आवरून धरतो. म्हणजे दाब स्वतः वाईट नाही. तो कुठे, किती आणि कुणाच्या नजरेखाली आहे, यावर सगळं ठरतं. सरकारच्या कारभारालाही हेच लागू पडतं, नाही का?

तुमच्यात कुणी ट्रकमालक, ड्रायव्हर, मेकॅनिक असतील तर अनुभव जरूर लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण आकडे घेऊन या.