ग्लायोब्लास्टोमा : पुटिकांद्वारे होणारे संदेशवहन

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अतिघातक अर्बुदाच्या वाढीला रक्तपुरवठा अपुरा पडून प्राणवायूचा तुटवडा निर्माण झाला, म्हणजे त्यातील पेशी पटलवेष्टित सूक्ष्म पुटिकांच्या रूपाने जणू खलितेच रवाना करतात. सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या या ‘एक्सोसोम’ पुटिकांत प्रथिने व आरएनए असून, त्यांतील मजकूर पेशीच्या हलाखीची साक्ष देतो आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरास पोहोचताच नव्या वाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतो, असे लुंड (स्वीडन) येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. कवटी न उघडता रोगाची खबर मिळण्याची आशा ज्यामुळे उत्पन्न झाली, तो प्रस्तुत लेखकास सर्वाधिक मोलाचा वाटणारा शोध मात्र त्यापूर्वीचा : २००८ साली बॉस्टन येथे काही रुग्णांच्या रक्तरसातील पुटिकांत अर्बुदाचाच विशिष्ट आरएनए आढळला.