क्रिप्टो कोसळले की विकायचे, धरून ठेवायचे की आणखी घ्यायचे?

६ ऑक्टोबर २०२५ रोजी एका बिटकॉइनचा भाव सुमारे १ लाख २६ हजार डॉलरवर गेला होता. चारच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली आणि क्रिप्टोच्या बाजारात एका दिवसात सुमारे १९ अब्ज डॉलरचे उधारीवरचे सौदे मोडीत निघाले. २१ नोव्हेंबरला बिटकॉइन ८१ हजार डॉलरच्या आसपास होते. म्हणजे दीड महिन्यात एक तृतीयांशाहून अधिक घसरण.

अशा वेळी समाजमाध्यमांवर दोन सल्ले फिरतात: ‘घाबरू नका, धरून ठेवा’ आणि ‘स्वस्तात मिळतंय, घ्या’. विकण्याचा सल्ला बहुतेकदा भाव तळाशी गेल्यावर येतो. तिन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट समान असते. भाव पुढे कुठे जाणार हे सांगणाऱ्याला माहीत आहे, असे ते गृहीत धरतात. ते कुणालाच माहीत नसते. स्वतःबद्दल मात्र प्रत्येकाला ठाऊक असते की गुंतवलेला पैसा कुणाचा आहे आणि तो परत कधी लागणार आहे. घसरणीतला निर्णय खरे तर तिथूनच सुरू होतो.

पालेमोडीचा आणि बिटकॉइनचा काय संबंध?

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात डोंगरमाथ्यावर सूर्यमाळ हे थंड हवेसाठी ओळखले जाणारे गाव आहे. या पट्ट्यात भात, नाचणी, वरई ही पावसावरची पिके. आषाढ-श्रावणात कणगीतला दाणा संपतो आणि नवे पीक हाती यायला अवकाश असतो. त्या दिवसांत व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि सुगीला त्याने ठरवलेल्या भावात पीक घालायचे, या पद्धतीला ‘पालेमोड’ म्हणत. जव्हार-मोखाड्यासह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात ती रुजलेली होती (पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी). ही पिळवणूक मोडण्यासाठी राज्याने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले, १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला, शेतमालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पावसाळ्यासाठी खावटी कर्जाची सोय झाली.

यातली महत्त्वाची बाब अशी की, पालेमोडीत अडकलेला शेतकरी भावाबाबत अडाणी नव्हता. सुगीनंतर दोन-तीन महिने थांबले तर भाव वाढतो, हे त्याला व्यापाऱ्याइतकेच कळत होते. त्याच्याकडे थांबण्याची ऐपत नव्हती. ज्याच्या कणगीत दाणा होता तो थांबला, ज्याने उचल घेतली होती त्याने पडेल भावाने माल घातला. क्रिप्टोच्या घसरणीतही माणसे याच दोन गटांत विभागली जातात.

मग विकायचे कुणी?

ज्याने कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर किंवा झटपट कर्ज देणाऱ्या अॅपवरून पैसे घेऊन खरेदी केली आहे, त्याच्या बाबतीत फारसा विचार करण्यासारखे काही उरत नाही. कर्जाचे व्याज ठरलेले असते, भाव वर येण्याची तारीख ठरलेली नसते. तीच गोष्ट जूनमधली मुलांची फी, ठरलेले लग्न, दवाखान्यासाठी राखलेली रक्कम यांची. हा पैसा बाजारात होता हीच मूळ चूक. तोटा पचवून गरजेपुरता भाग बाहेर काढणे, हेच अशा वेळी शहाणपणाचे. सगळेच विकावे लागते असे मात्र नाही. दोन लाखांपैकी साठ हजार लागणार असतील तर साठ हजारांचेच विकावे. ‘विकत नाही तोवर तोटा कागदावरच’ हे वाक्य धीर देते, पण फी कागदावर भरता येत नाही.

फ्यूचर्स किंवा मार्जिनवर सौदे करणाऱ्यांचा प्रकार आणखी वेगळा. समजा, कुणी १० हजार रुपये ठेवून दहापट उधारीवर एक लाखाचा सौदा केला. भाव १० टक्क्यांनी उतरला की त्याचे स्वतःचे १० हजार संपतात. उधारीचे पैसे बुडू नयेत म्हणून मंच तिथवर पोहोचण्याच्या थोडे आधीच सौदा आपोआप बंद करतो. याला ‘लिक्विडेशन’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी भाव पूर्ववत झाला तरी गेलेले परत येत नाही. १० ऑक्टोबरच्या रात्री जगभरात १६ लाखांहून अधिक खात्यांचे असे झाले. त्यांच्यापुढे ‘धरून ठेवा’ हा पर्यायच नव्हता. उधारीवर घेतलेला सौदा म्हणजे आधुनिक पालेमोड, फक्त सुगीची वाट न पाहता वसुली करणारी.

धरून ठेवले की भाव परत येतोच ना?

बिटकॉइनच्या बाबतीत आजवर आला आहे, पण किती काळाने हे पाहिले पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये सुमारे १९ हजार ७०० डॉलरवर असलेला भाव वर्षभरात ३ हजार २०० पर्यंत पडला. जुना उच्चांक ओलांडायला डिसेंबर २०२० उजाडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार, वर्षभराने साडेपंधरा हजार. पुन्हा ६९ हजारांपलीकडे जायला मार्च २०२४. पहिल्या खेपेस तीन वर्षे, दुसऱ्या खेपेस दोन वर्षे चार महिने. हिशेबही सरळ नसतो. भाव निम्मा झाला की बरोबरीला यायला तो दुप्पट व्हावा लागतो. ६९ हजारांचे साडेपंधरा हजार झाल्यावर तो जवळपास साडेचार पट व्हावा लागला. तीन-चार वर्षे ज्या पैशाची आठवणही येणार नाही, तोच पैसा असा ठेवता येतो. आणि मागे दोनदा आला म्हणून तिसऱ्यांदा येईलच, याची कुणाची हमी नाही.

शिवाय हा इतिहास बिटकॉइनचा आहे, प्रत्येक नाण्याचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये ११० डॉलरच्या वर गेलेले ‘लुना’ मे महिन्यात काही दिवसांत सेंटच्याही अंशावर आले. ‘स्थिर’ म्हणवणारे त्याचे जोडनाणे टेरायूएसडी डॉलरपासून सुटले आणि ते सावरण्यासाठी नवे लुना छापत राहण्याची रचनाच दोघांना घेऊन बुडाली. ते धरून ठेवणारे अजून धरूनच आहेत.

महाराष्ट्राचा अनुभव तर याहून कडू आहे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आश्वासन देऊन लोकांकडून बिटकॉइन गोळा केले. परतावा द्यायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच टोकन देण्यात आले, ज्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने नगण्य होती. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. अशा टोकनाबाबत विकू की धरू हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. बाहेर घेणारा कुणी आहे का, एवढेच पाहायचे.

विकायचे ठरवले, पण पैसे निघतील का?

हा प्रश्न फार कमी लोक आधी विचारतात. मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या मंचावर १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ला झाला आणि सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. उत्तर कोरियाशी संबंधित हॅकरांचे हे काम असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त निवेदनात म्हटले. व्यवहार थांबले. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि खरेदी-विक्री पुन्हा सुरू झाली ती २४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मधल्या पंधरा महिन्यांत बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, पण अडकलेल्या ग्राहकांना तेव्हा विकताही आले नाही. जुलै २०२५ मध्ये ‘कॉइनडीसीएक्स’वरही सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरची चोरी झाली, तो तोटा कंपनीने आपल्या गंगाजळीतून भरण्याचे जाहीर केले.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोला तो नाही. मोठी रक्कम एकाच मंचावर ठेवण्याचा धोका भाव पडण्याच्या धोक्याहून निराळा आहे आणि तो तेजीतही तितकाच असतो.

कर कसा लागतो?

अमेरिकी यूट्यूबर सांगतात, तोट्यातले नाणे विका, कर वाचेल. भारतात हे लागू नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर. एका नाण्यात ५० हजार नफा आणि दुसऱ्यात ५० हजार तोटा झाला, तर हाती काहीच उरत नाही, तरी नफ्यावर १५ हजार ६०० रुपये भरावे लागतात. तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातूनही नाही, आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली असले तरी क्रिप्टोच्या नफ्याला ती सवलत मिळत नाही.

याशिवाय ठराविक मर्यादेपलीकडे विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोट्यात विकले तरीही. दोन लाखांचे एक लाखाला विकले तर हजार रुपये कापले जातात. करदेय रक्कम नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. भीतीने विकायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा घ्यायचे, हा खेळ भारतात म्हणूनच महाग पडतो.

आणि स्वस्तात आणखी घ्यायचे असेल तर?

‘अॅव्हरेज करणे’ ऐकायला सोपे आहे: १०० ला घेतलेले ५० ला तितकेच घेतले की सरासरी ७५. मेहनतीचा भाग असा की, जे नाणे उठणारच नाही त्यात प्रत्येक खरेदीगणिक सरासरी खाली येते आणि बुडालेली रक्कम वाढत जाते. लुनामध्ये अनेकांचे हेच झाले. आधीचे नाणे हाती नसते आणि रोख पैसे असते, तर आज हेच घेतले असते का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर आणखी घेण्याचे कारण फक्त जुना तोटा आहे. घ्यायचेच असेल तर रक्कम आधी ठरवून, महिन्यागणिक हप्त्यांत घेतलेली बरी. तळ कुठे आहे हे नंतरच कळते.

घाईत विकणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे. टेलिग्राम ग्रुपवरच्या अनोळखी माणसाला थेट नाणे देऊन त्याच्याकडून यूपीआयने पैसे घेतले आणि ते पैसे कुठल्या सायबर फसवणुकीतून आलेले निघाले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक घेणाऱ्याचे खाते गोठवते. खाते मोकळे करायला बँक आणि पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागतात. ‘बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणारेही याच दिवसांत फोन करू लागतात. त्यांना पैसे दिले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.